ब्रिटनमध्ये शिकायला जाताय? पर्सनल ट्यूटरची मदत कशी आणि कधी घ्यायची

सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या विद्यापीठात दाखल झालात की पहिल्या पंधरवड्यात ईमेलचा नुसता मारा होतो. लायब्ररी, बँक खातं, डॉक्टरकडची नोंदणी, होस्टेलच्या फायर अलार्मची चाचणी, फ्रेशर्स फेअर. त्या गर्दीत तीन-चार ओळींचा एक साधा ईमेल असतो: मी तुमची पर्सनल ट्यूटर, अमुक दिवशी पंधरा-वीस मिनिटं भेटूया का? आपल्याकडची बरीच मुलं तो वाचतात आणि 'काही काम निघालं की जाऊ' म्हणून सोडून देतात. काम निघतं ते जानेवारीत, मार्क हातात आल्यावर किंवा डेडलाइन उलटून गेल्यावर. तोवर ट्यूटरला करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. त्या पहिल्या ईमेलला तुम्ही उत्तर द्यावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

हा माणूस कोण असतो

तुमच्याच विभागातला एक लेक्चरर किंवा प्राध्यापक. विभागातल्या प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थ्यांची नावं सोपवलेली असतात. ते तुम्हाला एखादा विषय शिकवत असतील किंवा नसतीलही. वर्षात ठराविक वेळा भेटणं, तुमचा अभ्यास एकूण कसा चाललाय ते बघणं, काही अडलं तर विद्यापीठातल्या योग्य माणसाकडे पाठवणं आणि पुढे नोकरी किंवा पीएचडीसाठी शिफारसपत्र देणं ही त्यांची मुख्य कामं.

पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्यांना लगेच आपले जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) किंवा टीचर गार्डियन आठवतील. साम्य आहे, पण एक मोठा फरकही आहे. आपल्याकडे हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि जीएफएम घरी फोन लावतात. ब्रिटनमध्ये तुमच्या घरी कुणीही फोन करत नाही. इंग्लंडमध्ये सज्ञान होण्याचं वय १९६९ च्या कायद्याने २१ वरून १८ वर आलं आणि १ जानेवारी १९७० पासून ते लागू झालं. त्याआधी पदवीची बहुतेक मुलं कायद्याने अज्ञान असायची आणि विद्यापीठ पालकाच्या जागी असायचं. ते नातं तेव्हाच संपलं. आता तुम्ही प्रौढ आहात असं धरूनच सगळे वागतात. त्यामुळे तुम्ही बोलला नाहीत तर 'सगळं ठीक आहे' असाच अर्थ घेतला जातो.

नावं मात्र जागोजागी वेगळी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अकॅडेमिक मेंटर म्हणतात, ग्लासगोत अ‍ॅडव्हायजर ऑफ स्टडीज. केंब्रिजमध्ये हे काम दोघांत विभागलेलं असतं: अभ्यासाचं डायरेक्टर ऑफ स्टडीज बघतात, बाकीच्या अडचणी कॉलेजचे ट्यूटर बघतात. काही ठिकाणी शिक्षकांऐवजी पूर्णवेळ स्टुडंट अ‍ॅडव्हायजर असतात. त्यामुळे पद काय आहे यात अडकू नका. विचारायचं एवढंच, की 'माझ्यासाठी नेमलेला माणूस कोण?'

पहिली पायरी: नाव शोधा

विद्यार्थी पोर्टलवर तुमच्या माहितीच्या पानावर ते नाव दिसतं. दोन आठवडे झाले तरी दिसलं नाही तर विभागाच्या ऑफिसला ईमेल करा. एक वर्षाच्या मास्टर्सला बऱ्याचदा प्रोग्रॅम डायरेक्टरच सगळ्यांचे ट्यूटर असतात. डेझर्टेशनचे सुपरवायझर ही वेगळी व्यक्ती, ती साधारण दुसऱ्या सत्रात मिळते. सुपरवायझर तुमचा प्रबंध बघतात, ट्यूटर तुमचं सगळं वर्ष.

दुसरी पायरी: काही काम नसताना पहिल्यांदा भेटा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची भेट हीच. पुढे अडचण आली तर तुम्ही ओळखीच्या माणसाला ईमेल करत असता, आणि समोरच्यालाही तुमचा चेहरा आठवतो.

काय बोलायचं? तुम्ही याआधी कसे शिकलात ते सांगा. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या तीन तासांच्या पेपरवर आपली सगळी तयारी झालेली असते. तीन हजार शब्दांचा निबंध संदर्भांसकट लिहायची वेळ अनेकांवर ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच येते. हे ट्यूटरला आपोआप कळत नाही, म्हणून स्पष्ट सांगा: 'मी आजवर असा निबंध लिहिलेला नाही, सुरुवात कुठून करू?' या एका प्रश्नावर अकॅडेमिक रायटिंगचे वर्ग, लायब्ररीतले तज्ज्ञ, मागच्या वर्षीचे नमुना निबंध अशा तीन-चार गोष्टी हाती लागतात. या सोयी फीमध्येच असतात.

पार्ट-टाइम नोकरी करणार असाल तर तेही बोला. मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे १५ क्रेडिटच्या एका विषयाला १५० तास, आणि त्यातली लेक्चरं साधारण वीस-तीस तासांची. उरलेला अभ्यास तुम्ही स्वतः करायचा असतो. टाइमटेबल रिकामं दिसतं म्हणून शिफ्ट वाढवून घेणारी मुलं नेमकी इथे फसतात. तुमचा आठवडा कागदावर मांडून ट्यूटरला दाखवलात तर ते पहिल्याच नजरेत सांगतील की हे झेपणारं नाही.

संबोधनाबद्दल: 'सर', 'मॅडम' विद्यापीठात वापरत नाहीत. पहिल्या ईमेलमध्ये 'डियर डॉक्टर' आणि आडनाव लिहा. उत्तरात त्यांनी खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पुढच्या वेळी तेच वापरा. वयाने वीस वर्षं मोठ्या बाईंना एकेरी नावाने हाक मारताना जीभ अडखळते, पण तिथे तो अनादर समजत नाहीत. दोन-तीन भेटींत सवय होते.

तिसरी पायरी: ईमेल नीट लिहा

लांबलचक प्रस्तावना नको, माफी नको. आपण 'तुमचा बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' इथून सुरू करतो आणि खरा मुद्दा चौथ्या परिच्छेदात येतो. दिवसाला साठ-सत्तर ईमेल बघणारा माणूस तिथवर पोचत नाही. मजकूर साधारण असा असावा:

'मी मास्टर्सचा विद्यार्थी, माझा विद्यार्थी क्रमांक अमुक. पहिल्या निबंधात मला ५४ मार्क आहेत. फीडबॅकमधल्या दोन शेऱ्यांचा अर्थ मला लागला नाही. पुढचा निबंध १२ तारखेला द्यायचा आहे, म्हणून त्याआधी पंधरा मिनिटं भेटता येईल का? मंगळवारी दोननंतर किंवा गुरुवारी सकाळी मी मोकळा आहे. निबंध आणि फीडबॅक सोबत जोडलाय.'

कोण, काय, कधीपर्यंत आणि काय हवंय, एवढं आलं की पुरे. ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावरूनच पाठवा. जीमेलवरून आलेल्या ईमेलला बरेच शिक्षक नियमानुसार उत्तर देत नाहीत. तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली एका ओळीची आठवण करा. त्यात काही उद्धट नाही. शिवाय प्रत्येक शिक्षकाचे आठवड्यातले ऑफिस अवर्स ठरलेले असतात. त्या वेळेत दार तुमच्यासाठीच उघडं ठेवलेलं असतं, तेव्हा 'त्रास देतोय' असं मनात आणू नका.

चौथी पायरी: मार्क आणि फीडबॅक घेऊन जा

आधी आकड्यांची सवय करून घ्या. मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पदवीला ७० म्हणजे फर्स्ट क्लास. बारावीला नव्वद टक्के पाहिलेल्या घरात '६२ मिळाले' म्हटलं की चेहरे पडतात, पण पहिल्या निबंधाला ६२ म्हणजे तुमचं चांगलं चाललंय. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, म्हणजे फोनवरचं अर्धं दडपण कमी होईल.

आता ते ५४ मार्क. आपल्या मुलांच्या फीडबॅकमध्ये एक शेरा फार वेळा येतो: लिखाण वर्णनात्मक आहे, विश्लेषण कमी आहे. म्हणजे नेमकं काय, हे कागदावर कुणी लिहून देत नाही. ते समोरासमोर बसूनच कळतं. समजा तुम्ही लिहिलंय: 'अमुक अभ्यासकाच्या मते सूक्ष्म कर्जांमुळे महिलांचं उत्पन्न वाढतं. तमुक अभ्यासकाच्या मते तसं होत नाही.' इथे तुम्ही दोघांचं म्हणणं सांगून थांबलात. ट्यूटर विचारतील: दोघांचे निष्कर्ष वेगळे का आले? एकाने शहरातल्या बायका घेतल्या आणि दुसऱ्याने खेड्यातल्या, म्हणून? एकाने सहा महिने पाहिलं आणि दुसऱ्याने पाच वर्षं, म्हणून? आणि तुम्हाला कुणाचं पटतं, कशावरून? या प्रश्नांची उत्तरं निबंधात आली की तेच ५४ चे ६४ होऊ शकतात. म्हणून भेटीला जाताना निबंधाची प्रिंट घ्या, न कळलेल्या शेऱ्यांखाली रेघ मारा आणि त्यातला एकच परिच्छेद निवडून विचारा, 'हा कसा लिहायला हवा होता?' 'माझं कुठे चुकलं?' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल.

ट्यूटर मार्क वाढवून देत नाहीत, तो विषयच काढू नका. तपासणीबद्दल रीतसर आक्षेप असेल तर त्याची वेगळी प्रक्रिया असते आणि 'मला जास्त मिळायला हवे होते' हे कारण तिथे चालत नाही.

शिक्षकाशी मतभेद व्यक्त करायला आपण कचरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये केलेला प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपात आला. त्याची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. त्या प्रस्तावनेतच कॅनन सांगतात की आंबेडकरांचे बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत, आणि तरीही त्यांच्या विचारांतल्या ताजेपणाची दाद देतात. पुराव्यासकट वेगळं मत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे असा मान मिळतो. ट्यूटरशी बोलताना 'मला हे पटत नाही, कारण...' असं बेलाशक म्हणा.

पाचवी पायरी: संकट आलं तर डेडलाइनच्या आधी कळवा

लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. आजारपण, घरातलं निधन, अपघात, मानसिक त्रास अशा कारणांसाठी प्रत्येक विद्यापीठात सवलतीची प्रक्रिया असते. कुठे तिला एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, कुठे मिटिगेटिंग. फॉर्म भरायचा, पुरावा जोडायचा. मंजूर झालं तर मुदत वाढते किंवा परीक्षा पुन्हा, पहिलाच प्रयत्न धरून, देता येते. मार्क वाढवून मिळत नाहीत.

समजा सबमिशनच्या आठवड्यात साताऱ्याहून फोन येतो, आजी गेली. तुम्ही रात्रभर रडता, तिकिटं बघता, आणि निबंध तसाच अर्धवट पाठवून देता, कारण 'शिक्षकांना घरच्या गोष्टी कशाला सांगायच्या?' असं वाटतं. हे करू नका. त्याच दिवशी ट्यूटरला दोन ओळी लिहा: 'माझ्या आजीचं निधन झालंय, सोमवारच्या निबंधाचं मी काय करू?' फॉर्म कुठला, पुरावा काय लागेल, किती दिवसांची मुदत मागावी हे ते सांगतील. पुरावा नंतर दिला तरी बहुतेक ठिकाणी चालतं, अर्ज मात्र वेळेत हवा. मृत्यू दाखल्यावर इंग्रजी मजकूर नसेल तर भाषांतर जोडावं लागेल. आजीने लहानपणी तुम्हाला वाढवलं असेल तर तेही लिहा. तिथल्या कुटुंबात आजी बऱ्याचदा लांब राहणारी असते, तुमच्या घरात तिची जागा काय होती हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

परीक्षेबद्दल आणखी एक नियम जपा. बऱ्याच विद्यापीठांत पेपरला बसलात म्हणजे 'मी परीक्षा द्यायला फिट आहे' असं तुम्ही जाहीर केलं असं मानतात. ताप अंगावर काढून पेपर दिला आणि नंतर सवलत मागितली तर ती नाकारली जाऊ शकते. त्या सकाळी पेपरला जाण्याआधीच ईमेल करा.

डिस्लेक्सिया, मधुमेह, नैराश्य असं काही आधीपासून असेल तर संकटाची वाट न बघता डिसेबिलिटी सर्व्हिसकडे नोंद करा. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० प्रमाणे वाजवी सोयी देणं विद्यापीठावर बंधनकारक आहे, जसं की परीक्षेत जादा वेळ. ही माहिती तुमच्या पदवीपत्रावर कुठेही येत नाही. आपल्याकडे ही भीती फार असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ट्यूटर काय करू शकत नाहीत

व्हिसाबद्दल सल्ला देऊ शकत नाहीत. इमिग्रेशनचा सल्ला कोण देऊ शकतो हे ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने ठरवलंय, आणि अधिकार नसताना तो देणं गुन्हा आहे. तेव्हा विषय बदलणं, वर्षभर थांबणं, मध्येच भारतात जाऊन येणं, यांतलं काहीही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात जा. पदवी किंवा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. मास्टर्सचे उन्हाळ्यातले प्रबंधाचे महिने सहसा सुट्टीत धरत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. अभ्यासातला सहभाग थांबला तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावंच लागतं. म्हणून वर्ग चुकत असतील तर गप्प राहणं सगळ्यात धोक्याचं.

ट्यूटर समुपदेशकही नसतात. ऐकून घेतील, पण उपचारासाठी काउन्सेलिंग सर्व्हिस किंवा जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) पाठवतील. त्याला 'टाळलं' समजू नका. आणि जिवाला धोका आहे असं वाटलं तर ते गोष्ट स्वतःपुरती ठेवणार नाहीत, ठेवूही नये. फार असह्य झालं तर सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. तातडीला ९९९. इंग्लंडमध्ये १११ लावून पर्याय २ दाबला की मानसिक आरोग्याची मदत मिळते. सॅमॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६१२३ हा नंबर दिवसरात्र आणि मोफत चालतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि चौकशीची नोटीस

'तुझी असाइनमेंट पाठव ना, फक्त बघतो.' मैत्रीत हे इतकं सहज होतं की त्यात काही गैर आहे असं मनातही येत नाही. पण दोन निबंधांत साम्य सापडलं तर देणारा आणि घेणारा, दोघांचीही कोल्यूजनसाठी, म्हणजे संगनमत करून काम केल्याबद्दल, चौकशी होते. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत नक्की पोचतील. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने असा धंदा आणि त्याची जाहिरात करणं गुन्हा ठरवलंय, आणि विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यावर विद्यापीठ कारवाई करतं. अशा लोकांनी नंतर मुलांना धमकावून पैसे उकळण्याचा धोकाही असतो.

नोटीस आलीच तर घाबरून काहीतरी लिहून देऊ नका. ट्यूटरला सांगा, पण सल्ला स्टुडंट्स युनियनच्या अ‍ॅडव्हाइस सेंटरमधून घ्या. ते विद्यापीठापासून स्वतंत्र असतात आणि सुनावणीला तुमच्यासोबत बसू शकतात. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे येतात, तिथे मात्र हा रोजचा सल्लाविभाग असतो.

ट्यूटरशी जमलंच नाही तर

काही ट्यूटर जीव लावतात, काही उत्तरच देत नाहीत. दोन ईमेल अनुत्तरित राहिले तर विभागाच्या सीनियर ट्यूटरना लिहा. ट्यूटर बदलून मागता येतो आणि त्याचा तुमच्या मार्कांवर परिणाम होत नाही. मोठी तक्रार असेल तर आधी विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करावी लागते. तरीही समाधान झालं नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर या विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे मोफत दाद मागता येते. त्यासाठी विद्यापीठाचं 'कम्प्लिशन ऑफ प्रोसिजर्स' (अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झाल्याचं) पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाचा फोन लागत नाही म्हणून काळजीने विद्यापीठाला फोन केलात तर 'आम्ही माहिती देऊ शकत नाही' हेच उत्तर मिळेल. त्यात कोरडेपणा नाही, डेटा संरक्षणाचा कायदा तसा आहे. मात्र तुम्ही काळजी कळवू शकता. ते तुमचं ऐकून घेतात आणि मुलाची चौकशी करतात, फक्त परत तुम्हाला काही सांगत नाहीत. जाण्याआधी मुलाला पोर्टलवर इमर्जन्सी काँटॅक्ट भरायला सांगा. आणीबाणीत तुमच्याशी बोलायची परवानगी आगाऊ द्यायची सोय असेल तर तेही त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

शेवटची पायरी: शिफारसपत्र

मास्टर्स संपतं सप्टेंबरच्या आसपास, आणि रेफरन्सची गरज लागते त्याच्या आधीपासून पुढे दोन-तीन वर्षं. नाव देण्यापूर्वी परवानगी विचारा आणि तीन आठवडे हाताशी ठेवा. सोबत सीव्ही, नोकरीची जाहिरात आणि तुम्ही केलेल्या कामाच्या चार-पाच ओळी पाठवा: कुठला निबंध, किती मार्क, कुठल्या प्रोजेक्टवर काय केलं. आपल्याकडच्यासारखं पत्र स्वतः लिहून सही मागायची पद्धत तिथे नाही. ट्यूटर त्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहितात, त्यामुळे ज्यांना तुम्ही वर्षात एकदाच भेटलात ते लिहिणार तरी काय? कोर्स संपल्यावर काही महिन्यांत विद्यापीठाचा ईमेल बंद होतो. तो चालू आहे तोवरच ट्यूटरला तुमचा कायमचा पत्ता कळवून ठेवा आणि फीडबॅकचे सगळे कागद उतरवून घ्या.